विचिटाहून बाबांना

विचिटा, कॅन्सस
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "शेजारी एवढे भले म्हणतेस, मग मतं ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाला कशी देतात?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन घेतला आणि मसाला पोचला का ते विचारलं. (पोचला, आई. गोड्या मसाल्याची पिशवी वाटेत फुटली, पण निम्म्याहून जास्त वाचला.) तसंही फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

कॅन्ससने १९६४ नंतर एकदाही अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला कौल दिलेला नाही. पण रिपब्लिकन म्हणजे सगळे एका विचाराचे, असं तिकडून वाटतं तसं नाही. एकाच मांडवात तीन वऱ्हाडं उतरलेली आहेत. कर कमी करा, नियम कमी करा म्हणणारे व्यापारी-उद्योजक, कम्युनिस्टांना थारा नको, सैन्य मजबूत हवं म्हणणारे, आणि चर्चवाले. पहिल्या दोघांना घेऊन गोल्डवॉटर १९६४ मध्ये रिपब्लिकनांतर्फे अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि सपाटून हरला. चर्चवाले तेव्हा अजून पुरते आले नव्हते. ते आले आणि १९८० मध्ये रेगन निवडून आला. पुढे सोव्हिएत युनियनच राहिला नाही, तरी मांडव काही उठला नाही.

विचिटात यातली दोन वऱ्हाडं अगदी जवळून दिसतात. कोक (पूर्वीची कोक इंडस्ट्रीज) या अवाढव्य खाजगी कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. त्या घरातल्या डेव्हिड कोकने १९८० मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती, तीही रेगनच्याच विरोधात, कारण कोक भावांना रेगनसुद्धा पुरेसा कमी सरकारवाला वाटत नव्हता! नंतर या भावांनी वेगळ्या पक्षाचा नाद सोडला आणि संस्था, अभ्यासगट, प्रचार यांत पैसा ओतून रिपब्लिकन पक्षालाच आपल्याकडे ओढलं.

दुसरं वऱ्हाड चर्चचं. १९९१ च्या उन्हाळ्यात गर्भपातविरोधी आंदोलक देशभरातून इथे आले. दवाखान्यांच्या दारात आडवे पडायचे, पोलीस उचलून न्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सहा आठवड्यांत अडीच हजारांवर अटका झाल्या. आंदोलक परत गेले, पण गावातली जी माणसं त्यात पहिल्यांदाच रस्त्यावर उतरली होती, ती पक्षाच्या वॉर्डपातळीच्या पदांवर उभी राहिली आणि जुन्या, मवाळ रिपब्लिकनांना घरी बसवलं. चळवळीतून पक्ष कसा ताब्यात घेतात ते तुम्हाला मी काय सांगणार. ज्या डॉक्टर टिलर यांच्या दवाखान्यावर सगळा रोख होता, त्यांना २००९ च्या मे महिन्यात त्यांच्याच चर्चमध्ये गोळी घालून मारलं. रविवारची प्रार्थना चालू होती.

ही दोन्ही वऱ्हाडं एकाच माणसात बघायची असतील तर सॅम ब्राउनबॅक. अत्यंत धार्मिक आणि करकपातीचा कट्टर पुरस्कर्ता. २०११ मध्ये गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, झाला आणि पुढच्याच वर्षी आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला. शिवाय एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) सारख्या लहान व्यवसायांच्या मालकांना मिळणाऱ्या नफ्यावरचा राज्याचा करच माफ. म्हणजे गॅरेजमधला मेकॅनिक कर भरणार आणि गॅरेजचा मालक भरणार नाही. हा जिवंत प्रयोग आहे, असं तो स्वतःच म्हणाला होता. उद्योग धावत येतील ही अपेक्षा. उद्योग आले नाहीत, तिजोरी मात्र रिकामी झाली. शेजारच्या आजी निवृत्त शिक्षिका आहेत. त्या सांगतात, २०१५ मध्ये काही ठिकाणी पैसे नाहीत म्हणून शाळा ठरल्या तारखेआधीच बंद कराव्या लागल्या. शेवटी २०१७ मध्ये, बहुमत रिपब्लिकनांचंच असलेल्या विधिमंडळाने ब्राउनबॅकचा नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी मोडून कर परत लावले. आपल्याच गव्हर्नरचे कान त्याच्याच पक्षाने धरले. आपल्याकडे व्हिपच्या जमान्यात हे घडेल का, तुम्हीच सांगा.

आता तुमच्या आवडीचा विषय. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते! बुटकी, तांबूस. भाकरी कोणी करत नाही, गुरांना घालतात, इथेनॉल करतात आणि जहाजं भरून चीनला पाठवतात. रिपब्लिकन पक्ष खुल्या व्यापाराचा म्हणून शेतकरी त्याच्यामागे. ट्रम्पने आयातशुल्काची लढाई सुरू केली आणि एप्रिल २०१८ मध्ये चीनने या ज्वारीवर, आयात करणाऱ्याने आधीच भरायची, १७८.६ टक्के अनामत लावली. निघालेली जहाजं भर समुद्रातून वळली. ती अनामत महिन्याभरात उठली, पण जुलैत सोयाबीनसकट पुन्हा शुल्क बसलं. निफाडच्या माणसाला निर्यात अडली की काय होतं ते सांगायला नको. इथले शेतकरी म्हणत होते, मदत नको, बाजार द्या. मला तुमचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आठवला आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम'. केंद्राने दोन वर्षांत देशभर तेवीस अब्ज डॉलरच्या आसपास वाटले. यांनी ते घेतले, आणि २०२० मध्ये मतही पुन्हा ट्रम्पलाच दिलं. हे मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पैशाचं गणित बाजूला ठेवून 'आपला माणूस' बघणं म्हणा. ते तर आपल्याकडेही आहे.

पण २०२२ मध्ये जे पाहिलं त्याने मी चक्रावले. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढला. कॅन्ससच्या राज्यघटनेत मात्र तो हक्क आहे, असं इथल्या न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. तो काढायचा का, यावर २ ऑगस्टला मतदान झालं. मी मनाशी निकाल लावून मोकळी झाले होते. लागला उलटा, ५९ विरुद्ध ४१, हक्क काढायचा नाही. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यातसुद्धा. हक्क राखणाऱ्यांनी प्रचारात स्त्रीमुक्ती वगैरे फार काढलंच नाही. सरकारी सक्ती नको, एवढंच, मास्कच्या सक्तीची आठवण करून देत. शेजारचे आजोबा आयुष्यभर रिपब्लिकन, विमानाच्या कारखान्यात राबलेले. म्हणाले, "मला गर्भपात पटत नाही. पण डॉक्टरच्या खोलीत सरकारचं काय काम?"

तुमच्या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर हे आहे. यांच्या बोलण्यात देव येतो, ट्रम्प येतो, पण तळाशी 'आमच्यात नाक खुपसू नका' हे आहे. पक्षाने ते विसरून नाक खुपसलं की हेच लोक पक्षाला झटका देतात. नेहमीच नाही. गेल्या वर्षी विधिमंडळाने ट्रान्सजेंडर मुलांच्या उपचारांवर बंदी घातली, तेव्हा डॉक्टरच्या खोलीची आठवण आजोबांना झाली नाही. मी विचारलं, तर त्यांनी विषय हवामानावर नेला.

आता पुढचा डाव न्यायाधीशांचा आहे. शाळांना पैसे द्या म्हणणारं आणि गर्भपाताचा हक्क मानणारं न्यायालय एकच, त्यामुळे कडव्या मंडळींना ते खुपतं. सध्या समिती तीन नावं देते आणि गव्हर्नर त्यातलं एक निवडतो. ही पद्धत का आली ती गंमत ऐका. १९५६ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरलेला गव्हर्नर, सरन्यायाधीश आणि उपगव्हर्नर यांनी वर्षअखेरीस संगनमत केलं. सरन्यायाधीशाने राजीनामा दिला, मग गव्हर्नरने दिला, उपगव्हर्नर काही दिवसांपुरता गव्हर्नर झाला आणि त्याने आधीच्या गव्हर्नरला न्यायाधीश करून टाकलं! लोक एवढे चिडले की १९५८ मध्ये राज्याची घटनाच बदलली. आता न्यायाधीश थेट मतदानाने निवडायचे का, हा प्रश्न येत्या ४ ऑगस्टला मतपत्रिकेवर आहे.

माझ्याकडे ग्रीनकार्ड, त्यामुळे मत नाही. आजी 'नाही' म्हणणार. आजोबा म्हणतात, लोकांनी निवडायला काय हरकत आहे? घरात वाद चालू आहे. बाबा, तुम्हाला काय वाटतं ते फोनवर सांगा, आणि आईने फोन घ्यायच्या आधी सांगा.

तुमची,
सुमी