चिंटूला दूध सुरू केलंय

नागपूर

प्रिय सुन्या,

इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच. चिंटूच्या दुधाच्या अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणून त्याला दूधच सुरू केलं बे! बारशाच्या रात्री त्याला घेऊन दवाखान्याकडे गाडी तूच हाणली होतीस, म्हणून तुलाच लिहितोय. बाकीच्यांना वाटतं पोराचं फक्त पोट बिघडतं.

पहिला डोस दवाखान्यातच दिला. दूध इतकं पातळ केलेलं की पांढरेपणा दिसेना. सिरिंजने जिभेवर सोडलं आणि मग नुसतं बघत बसायचं: ओठ सुजतात का, गांधी उठतात का, खोकला येतो का. आता तेवढंच रोज घरी. वाढवायचं मात्र दवाखान्यातच. उपाशीपोटी द्यायचं नाही, ताप असला की आधी डॉक्टरांना फोन, आणि दिल्यावर दोन तास पळापळ बंद. फुटबॉलवेड्या पोराला दोन तास कसं बसवू, सांग! अ‍ॅड्रेनालिनची, म्हणजे अ‍ॅलर्जी जोरात उठली तर टोचायच्या औषधाची, कुपी सतत सोबत, आणि आपल्या उन्हात ती गाडीत ठेवून चालत नाही.

शेळीचं दूध द्या म्हणून तू केवढा भांडला होतास. विचारलं डॉक्टरांना. गाईचं ज्यांना बाधतं त्यातल्या बहुतेकांना शेळीचं, म्हशीचंही बाधतं, प्रथिनं मिळतीजुळतीच असतात. हरलास! तर्री पोहे तुझ्याकडून.

पण सुन्या, ज्या दुधापासून त्याला इतकी वर्षं राखलं, तेच रोज सकाळी मी माझ्या हाताने देतो. सिरिंज दिसली की तो आ करतो, विचारतसुद्धा नाही. माझ्याच पोटात गोळा येतो. नेहा म्हणते थांबू या, कित्येक पोरांची अ‍ॅलर्जी वयाबरोबर आपोआप जाते. जाते, खरंय. पण याचा आयजीईचा, म्हणजे रक्तातल्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीचा, आकडा उतरतच नाही, आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरताना हातात चॉकलेटं पडतातच. मी मागून काढून घेत होतो, तर एक काकू म्हणाल्या, एकाने काय होतं? काय होतं ते तू पाहिलंयस.

आई म्हणते, बरा झाला की रबडी करते. तिला कसं सांगू की हे बरं होणं नव्हे? अंगाला सवय लावतोय. डोस थांबला तर ती मोडूही शकते. चुकून घोटभर गेलं तर जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हा आटापिटा. मला तेवढंही पुष्कळ आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

येणार असशील तर डोस वाढवायच्या दिवशी ये. नेहाला सुटी मिळत नाही, आणि तिथं मला एकट्याला बसवत नाही.

तुझा,
बाळ्या