रात्रीचा निघू नकोस

ग्वाल्हेर, ७ जानेवारी

प्रिय बंड्या,

काल काकूंकडे गेलो होतो. पोह्यांची बशी पुढे ठेवता ठेवता त्यांनी सांगून टाकलं, "तो ऑफिस सुटल्यावर निघतोय, सकाळच्या चहाला पोचेल. तू काही बोलू नकोस त्याला." म्हणून हे पत्र. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक.

जरा हिशेब कर. इंदूर ते ग्वाल्हेर पाचशेच्या आसपास किलोमीटर. रात्री आठ-नऊला निघालास की शाजापूर, ब्यावरा, गुना मजेत जाईल, मालव्यात कोहरा, म्हणजे धुकं, तसा कमीच. शिवपुरीला लागशील पहाटे तीन-चारला. वारा पडलेला, जमीन रात्रभर थंड झालेली. तेव्हापासून सकाळी आठ-नऊपर्यंत आपल्याकडे कोहरा सगळ्यात दाट. तूही नेमका तेव्हाच पेंगणार. त्यापेक्षा सकाळी सहाला निघ, दुपारी दोनपर्यंत शिवपुरी, उजेड आहे तोवर घरी. परतताना मात्र दहा-अकराच्या आधी गाडी काढायची नाही. अंधार पडला तर मालव्यात पडू दे.

तरी कोहऱ्यात सापडलासच तर लो बीमच ठेव. हाय बीमचा उजेड थेंबांवरून उलटून तुझ्याच डोळ्यांवर येतो. आणि ती पिवळी पन्नी! तेव्हा हेडलाइटला पन्नी चिकटवून तू माझ्याशी आठवडाभर भांडलास. कोहऱ्याच्या थेंबांना रंगाशी काही घेणं नाही रे, पन्नीने उजेड कमी होतो एवढंच. मी आजही माघार घेणार नाही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नकोस; मागच्याला गाडी उभी आहे असं वाटतं आणि तू वळतोयस ते कळत नाही. ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला धरून जाऊ नकोस, डाव्या कडेची पांढरी रेघ धर. पन्नास मीटर दिसत असेल तर ताशी तीस. साठवर गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच निम्मं अंतर संपतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो, हे तुला काय सांगायचं. अगदीच दिसेनासं झालं तर पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात आत घाल, रस्त्याच्या कडेला नको.

आतून काचेवर वाफ धरली की पुसत बसू नकोस. एसी चालू, नॉब गरमवर, हवा काचेवर, रीसर्क्युलेशन बंद. निघण्याआधी, गाडी थंड असताना टायरमधली हवा बघ. चौघं आणि सामान म्हणजे दाराच्या स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर तिथेच तपासून घे. इथल्या थंडीत सकाळी नुसती टकटक करेल.

आणि खरी गोष्ट. तू रात्री रस्त्यावर असलास की काकू झोपत नाहीत. दार लावून, फटीत जुनं धोतर कोंबून, सिगडी शेजारी घेऊन बसतात. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि या वयात गुंगीला झोपच समजतात. सिगडी अंगणात हलवली की दुसऱ्या दिवशी परत आत. तेलाचा हीटर आण, पण दोन हजार वॅटचा म्हणजे नऊ अँपिअर, त्यांच्या खोलीतल्या जुन्या पाच अँपिअरच्या प्लगवर चालायचा नाही. पंधराचा पॉइंट आणि जाड वायर मी या आठवड्यात टाकून घेतो. "बंड्याने सांगितलंय" म्हणेन, माझं त्या ऐकत नाहीत.

बदलीबद्दल अभिनंदन. चिनूचा अभ्यास काय म्हणतो? वहिनींना नमस्कार. येताना लवंग शेव आण, गजक मी घेऊन ठेवतो.

सुट्टीचा घोळ तुझा तू बघ. सकाळी निघणार की नाही तेवढं कळव, म्हणजे काकूंना रात्रीच्या जेवणाचं सांगता येईल.

तुझा,
दिग्या