दिन्यास, हिच्या पित्ताबद्दल

सांगली, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

दीड वर्ष तुला एक ओळ नाही. मध्ये तुझे दोन फोन आले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. आज लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्याला नुसता आजार कळेल. तुला अण्णा आठवतील.

शोभाच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पित्ताशयातल्या खड्यामुळं. अकरा दिवस मिरजेला होतो, परवा घरी आणलं. माझी शुगर ठीक, आईचे गुडघे तसेच.

तुझ्या वास्तुशांतीच्या रात्री पुरणपोळी जेवून हिच्या पोटात दुखायला लागलं आणि तू रात्री दोनला गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिलास. "विल्या, हे नुसतं पित्त नाही. सोनोग्राफी करून घे." मी काय बोललो ते तू विसरला नसशील. तुझ्या अण्णांचं झालं म्हणून तुला सगळ्यांच्या पोटात तेच दिसतं, असं म्हणालो. तेही वहिनींसमोर. पहाटे हिचं दुखायचं थांबलं आणि मला वाटलं माझंच खरं झालं. चुकलो दिन्या.

त्या 'पित्त' शब्दानंच घात केला बघ. आपल्याकडं छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यानंतर हिला पाच-सहा वेळा दुखलं असेल. दर वेळी लग्नाचं नाहीतर सणाचं जेवण झाल्यावर, रात्री, उजव्या बरगडीखाली, कधी उजव्या खांद्यात. मी पित्ताची गोळी द्यायचो, थंड दूध द्यायचो. दोन-तीन तासांत थांबायचं, म्हणून तर फसलो. तुपातेलाचं पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, खडा त्याच्या तोंडाशी अडकतो, मागं सरकला की कळ जाते. गुण माझ्या गोळीचा नव्हताच.

त्या रात्री मात्र कळ जाईना. बेंबीच्या वर, आणि तिथून आरपार पाठीत. आडवं पडता येईना. पलंगाच्या कडेला बसून, पोटाशी उशी आवळून पुढं वाकली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तिला तशी वाकलेली बघितली आणि तुमच्या सोप्यातल्या खांबाला धरून बसलेले अण्णा डोळ्यांपुढं आले. सकाळी चूळ भरताना तिनंच आरशात बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे.

डॉक्टर आपल्याच भागातले. केसपेपरच्या मागं त्यांनी पेनानं दोन रेघा काढल्या. म्हणाले, "हरिपूरला कृष्णा-वारणा मिळतात, तशा पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. तिथं खडा अडकला की दोन्हीकडं फुगवटा." (हरिपूर म्हटल्यावर मला माझी सायकल आठवली. ती तूच पाण्यात घातलीस, सुऱ्यानं नाही. यावर मी अजून ठाम आहे.) फुगवटा म्हणजे काय ते सांगलीकराला सांगावं लागत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा नाल्यानाल्यांतून ते उलटं गावात शिरलेलं आपण बघितलंय. हिचं तसंच. पित्त मागं तुंबलं म्हणून कावीळ, आणि स्वादुपिंडाचे पाचक रस आतच जागे होऊन त्या पिंडालाच पचवायला लागले. रक्तातलं लायपेज, म्हणजे त्याच रसातला एक घटक, १८४०. कागदावर मर्यादा छापलेली ६०. आणि खडे केवढे, तर साबुदाण्याएवढे. मोठा असता तर पित्ताशयातच बसून राहिला असता, म्हणाले. बारीकच निसटतात.

तिथंही एक प्रश्न आला, घरात दारू कोण घेतं का, ह्या घेतात का. तो विचारावाच लागतो. खडे आणि दारू हीच या सुजेची दोन मोठी कारणं. पण अण्णांना कुणी विचारलंसुद्धा नाही. गळ्यात माळ असलेला माणूस, आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं. पारावर ते बोलणं चाललं होतं तेव्हा मी तिथं बसलो होतो, दिन्या. गप्प बसलो. हे तुला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

पक्या भेटायला आला होता. तिला तोंडानं पाण्याचा थेंबही बंद, सगळं सलाइनवर, आणि हा तीन शहाळी घेऊन हजर. मग तिन्ही स्वतःच पिऊन गेला. शोभा त्या दुखण्यातही हसली.

तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापलं, अडकलेला खडा काढला. कावीळ उतरली. पण पित्ताशयात बाकीचे आहेतच. सूज साधी असती तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढलं असतं. हिच्या स्वादुपिंडाभोवती पाणी साठलंय, ते जिरायला साधारण सहा आठवडे थांबायचं आहे.

आणि माझा जीव टांगणीला लागलाय तो या सहा आठवड्यांसाठी. घरी रोज माणसं येतात. एकजण हुलग्याचं कढण सांगतो, एकजण पानफुटी. अरे, ते मुतखड्याला देतात, हा खडा लघवीच्या वाटेवर नाहीच! कुणी तेल-लिंबू प्यायला सांगतं, सकाळी हिरवे खडे पडतात म्हणे. त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात. अक्का म्हणतात, पित्ताशयच काढलं तर अन्न पचायचं कसं? पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय म्हणजे नुसती साठवणीची टाकी, ती काढली तरी पित्त थेट आतड्यात उतरतं, हे मी चारदा सांगितलं. मावशींची वीतभर खूण हिनं पाहिलेली, म्हणून कापाकापीची धास्ती. मावशींचं जुन्या पद्धतीचं होतं. आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला मुंबईच्या जे. जे.त १९९० ला डॉ. उडवाडियांनी सुरुवात केली, आता तीन-चार छिद्रांत भागतं. ऐकते, मान हलवते. आणि काल रात्री म्हणाली, "आता दुखत नाही की. कशाला कापून घ्यायचं?"

दुखत नाही की. वास्तुशांतीच्या पहाटे मी तुला हेच म्हणालो होतो.

म्हणून तू ये. भाऊबीजेला ती तुला ओवाळते, तुझं ती टाळणार नाही. अण्णांचे खडे सोनोग्राफीत आधीच दिसले होते ना? आणि ते म्हणाले होते, ऊस जाऊ दे, मग बघू. ते तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. मी सांगितलं तर उसनं वाटेल, आणि मला त्याचा हक्कही नाही.

पिंकीची बारावी कशी गेली? वहिनींची बदली झाली का? सगळं आल्यावर ऐकतो.

शनिवारी ये, मुक्कामाला ये. कंदी पेढे आणू नकोस, तिला तूप-खवा बंद आहे आणि समोर दिसले की जीव जातो तिचा. अण्णांचा तो सोनोग्राफीचा कागद अजून ट्रंकेत असेल तर तेवढा घेऊन ये.

तुझा,
विलास