जुन्या हस्तलिखितांची साधी पानंही बघू द्या, उतरवूनही घेऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईलवर युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांचे फोटो खूप फिरतात, सोन्याचा वर्ख लावलेली मोठी अक्षरं, समासात गोगलगायीशी लढणारा चिलखतवाला सरदार, असं बरंच काही, आणि लोक वा वा म्हणून पुढे सरकतात. त्यात वाईट काही नाही, मलाही हा नाद तिथूनच लागला. पण पुस्तक म्हणजे त्यातलं एक देखणं पान नव्हे, आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय. ज्या ग्रंथालयांकडे ही हस्तलिखितं आहेत त्यांनी ती पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत अख्खी ऑनलाइन ठेवावीत, कोरी पानं, फाटकी पानं सगळी, आणि कुणालाही ती डाऊनलोड करू द्यावीत.

साध्या पानात काय असतं ते सांगतो. स्वित्झर्लंडमधे सांक्ट गालेनच्या मठाचं जुनं ग्रंथालय आहे, तिथलं ९०४ नंबरचं हस्तलिखित ई-कोडिसेस या साइटवर फुकट बघायला मिळतं. विषय काय तर लॅटिन व्याकरण, प्रिशियन नावाच्या जुन्या व्याकरणकाराचं. नवव्या शतकात आयर्लंडच्या मठवासी लेखनिकांनी ते उतरवलं. चित्रांसाठी ते कुणी उघडणार नाही, पण झूम करून समासात बघा, ओळींच्या मधे बघा, बारीक अक्षरात हजारो टिपा आहेत, काही लॅटिनमधे काही त्यांच्या स्वतःच्या आयरिश भाषेत. एके ठिकाणी लेखनिक लिहितो की चर्मपत्र नवीन, शाई खराब, याउपर मी काही बोलत नाही. एके ठिकाणी हात दुखतोय म्हणून हाय करतो. आणि एका पानावर चार ओळींची छोटीशी कविता आहे, आज रात्री वारा फार झोंबतोय, समुद्राचे पांढरे केस उडवतोय, अशा रात्री व्हायकिंग लुटारू दर्या ओलांडून येतील ही भीती मला नाही. म्हणजे बाहेर वादळ आहे म्हणून त्या माणसाला निर्धास्त वाटतंय!! हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, अकराशे वर्षांहून जुनी रात्र आहे ती आणि व्याकरणाच्या पुस्तकाच्या कडेला जशीच्या तशी राहिली. निवडक सुंदर पानं तेवढीच स्कॅन केली असती तर हे पान कुणी निवडलं असतं का?

कातड्याचंही तसंच. ही पानं वासराच्या, मेंढीच्या, बकरीच्या कातड्याची. कातडं चौकटीवर ताणून खरवडताना बारीकशी चीर जरी पडली तरी ताणामुळे तिचं गोल भोक होतं, आणि कातडं महाग, फेकणार कोण, मग लेखनिक त्या भोकाला वळसा घालून शब्द लिहितो नाहीतर भोक आधीच दोऱ्याने शिवलेलं असतं. चांगल्या स्कॅनमधे केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात, त्यावरून केसांची बाजू कुठली आणि मांसाची कुठली तेही कळतं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या पुस्तकाची दोनच पानं उघडी असतात आणि नाक काचेला लावलं तरी इतकं दिसत नाही.

आता डाऊनलोडचं. काही साइटवर बघता येतं पण उतरवून घेता येत नाही, वर अख्ख्या पानावर मोठा शिक्का मारलेला, नेमकं हवं ते अक्षर त्याखाली. कारण काय असेल ते असो, मला हे पटत नाही. बेओवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं काव्य एकाच हस्तलिखितात उरलंय. १७३१ साली लंडनला ते जिथे ठेवलं होतं तिथे आग लागली, पानांच्या कडा करपल्या आणि पुढे त्या कडांचे कपचे पडत गेले, कपच्याबरोबर अक्षरं गेली. त्यातली कितीतरी अक्षरं आज आपल्याला कळतात ती केवळ १७८७ च्या सुमारास थॉर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानाने एक नक्कल दुसऱ्याकडून करवून घेतली आणि एक स्वतः करून ठेवली म्हणून. नक्कल होती म्हणून वाचलं. आणि ऑक्टोबर २०२३ मधे ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांची स्कॅन केलेली हस्तलिखितं महिनोन्महिने ऑनलाइन दिसत नव्हती, जगभरच्या अभ्यासकांची कामं अडली. मूळ पुस्तकं कपाटात सुखरूप होती, पण दूरवरच्या वाचकाला त्याचा काय उपयोग. ज्यांनी आधी पानं उतरवून ठेवली होती त्यांचं काम चालू राहिलं, हा हिशोब अगदी सरळ आहे.

उलट मोकळं ठेवलं की काय होतं तेही बघा. आर्किमिडीजचा मजकूर खरवडून त्याच कातड्यावर १२२९ साली प्रार्थनेचं पुस्तक लिहिलं गेलं होतं, अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममधे त्याच्या पानांचे वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून खालचा पुसलेला मजकूर वाचला आणि ते सगळे फोटो इंटरनेटवर सगळ्यांना फुकट दिले, विद्यापीठाचं ओळखपत्र वगैरे काही लागत नाही. तसंच स्कॅन केलेली पानं ऑनलाइन दाखवायची आयआयआयएफ (IIIF) म्हणून एक समाईक पद्धत आहे, ती पाळणाऱ्या दोन वेगळ्या देशांतल्या ग्रंथालयांची पानं आपल्या एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडता येतात. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका ही साइट, व्हॅटिकनचं ग्रंथालय, ऑक्सफर्डचं बॉडलियन ग्रंथालय, हे सगळे ती वापरतात. बाकीच्यांनीही वापरावी, आणि जे आजवर शिक्का मारतायत त्यांनी तो काढावा.

तुम्हाला एक विनंती. पेपरात दर आठवड्याला अशा एखाद्या हस्तलिखिताचं एक पान छापा, सोबत ते कुठल्या संग्रहात आहे, नंबर काय आणि कसं शोधायचं एवढं द्या, बाकी वाचक बघून घेतील. फक्त दरवेळी सोनेरी पान नको. सुरुवात ९०४ मधल्या त्या वादळी रात्रीच्या पानाने केलीत तर फार आनंद होईल.

आपला,
एक नियमित वाचक