लाभार्थी, बोजड आणि कपाटातला प्रबंध

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात डिझाइनच्या अभ्यासक्रमांवर पानभर मजकूर आला होता. त्यात कंपन्यांचा सूर नेहमीचाच: मुलं हुशार असतात, पण कामाला तयार नसतात, सगळं आम्हालाच शिकवावं लागतं. वाचून राहवलं नाही. मी यूएक्समध्ये, म्हणजे मोबाइलवरची ॲप आणि वेबसाइट माणसांना धड वापरता येतात का हे बघण्याच्या कामात, एकोणीस वर्षं आहे. नोकरी बाणेरला आणि शनिवारी एका डिझाइन कॉलेजात व्हिजिटिंग फॅकल्टी. म्हणजे सासर-माहेर दोन्ही माझंच, आणि दोन्हीकडची भांडी कुठे वाजतात तेही मला ठाऊक. मुलांची तयारी नसते हे अर्धं खरं. कंपन्यांची वाचायची तयारी नसते, हे उरलेलं अर्धं कोणी छापत नाही.

२०२२ मध्ये आमच्याकडे एका सहकारी बँकेच्या मराठी ॲपचं काम आलं. तक्रार अशी, की साठीपुढचे खातेदार ॲप घेतात, शिल्लक बघतात, पण पैसे पाठवायचे म्हटलं की शाखेत येऊन रांगेत उभे राहतात. बँकेचा निष्कर्ष आधीच तयार होता: म्हाताऱ्यांना भीती वाटते. आम्ही कोथरूड, भोर, जुन्नर असे फिरलो, लोकांच्या शेजारी ओट्यावर बसून ते काय करतात ते पाहिलं. चार महिने गेले, आणि गाठ सापडली ती एका शब्दात. पैसे पाठवण्याआधी ज्याला पाठवायचे त्याचं खातं नोंदवावं लागतं. इंग्रजी ॲपात त्याला बेनिफिशियरी म्हणतात. कोणीतरी कोश उघडून बटणावर लिहून टाकलं होतं, ‘लाभार्थी जोडा’.

आता लाभार्थी म्हणजे कोण, हे महाराष्ट्रात कोणालाही विचारा. ज्याला सरकारी योजनेतून काही मिळतं तो. त्याची यादी लागते आणि यादीवरून भांडणं होतात. भोरचे एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, “बाई, मला पेन्शन आहे. मी लाभार्थी म्हणून नाव घातलं आणि उद्या पेन्शनच बंद झाली तर?” मुलीला पैसे पाठवायला हे गृहस्थ दर महिन्याला बँकेत हेलपाटा घालत होते. ते मोबाइलला घाबरत नव्हते. त्यांनी तो शब्द नीट वाचला होता, इतकंच. आम्ही बटणावर ‘पैसे कोणाला पाठवायचे?’ असं लिहिलं, बँकेनं बिल चुकतं केलं, आणि आम्हाला वाटलं की आपण काहीतरी शोधून काढलं.

२०२४ च्या मे महिन्यात मी दुसऱ्या एका कॉलेजात ज्युरीसाठी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. दुपारी वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला, सगळे चहाला गेले. मी व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटापाशी रेंगाळले. आत काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रबंधांच्या रांगा. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला. तो आल्यावर मी एक प्रबंध मागून घेतला, कारण त्याच्या पाठीवर ज्येष्ठ नागरिक आणि बँकिंग असे शब्द दिसत होते. साल २०१९. चौथ्या प्रकरणात ‘लाभार्थी’ या एका शब्दावर अख्खं पान होतं. मुलीनं स्वतःच्या आजोबांपासून सुरुवात केली होती आणि आजोबांनी तिला सांगितलं होतं, की आपण कुठल्या योजनेत नाही, ते बटण आपलं नव्हे. (हे वाक्य प्रबंधात इंग्रजीत आहे. मी मनातल्या मनात त्याचं परत मराठी केलं.) तिनं सुचवलेला पर्याय होता ‘पैसे कोणाला?’ आमच्यापेक्षा आटोपशीर आणि, खरं सांगायचं तर, आमच्यापेक्षा चांगला.

त्या कपाटापासून आमचं ऑफिस फार तर तासाभराच्या अंतरावर आहे, विद्यापीठ चौकातली कोंडी धरून. तीन वर्षांत तो प्रबंध तेवढंही चालला नव्हता.

यात खलनायक कोणी नाही, म्हणूनच हे दुखणं जुनं आहे. कॉलेजातल्या प्राध्यापकाची बढती नामांकित नियतकालिकांत छापून आलेल्या निबंधांवर अवलंबून. शेजारच्या कंपनीला दोन पानी टिपण पाठवलं तर त्याचा गुण शून्य. कंपनीत दर तासाचं बिल क्लायंटला जातं, आणि आधी कोणी काय केलंय ते वाचण्याचा तास कोणत्या खात्यात टाकायचा हे कोणालाच माहीत नाही. शिवाय गोपनीयतेचा करार आहेच. आमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये मराठी माणसं मोबाइल कसा वापरतात यावरचे कितीतरी अहवाल पडून आहेत, आणि ते शहरातल्या एकाही विद्यार्थ्याला कधी दिसणार नाहीत. कपाट आमच्याकडेही आहे, फक्त काचेचं नाही.

मग कंपन्यांपर्यंत विद्वत्ता पोचते ती कशी? म्हणीसारखी, घासून गुळगुळीत होऊन. परवा एका मीटिंगमध्ये मॅनेजरनं ठणकावून सांगितलं, की मेनूत सातच गोष्टी हव्यात, ‘मिलरचा नियम’ आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा तो निबंध माणूस एका वेळी मनात किती गोष्टी (साधारण सात) धरू शकतो याविषयी आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ कशाला करायचा? वाडेश्वरचं मेनूकार्ड कोणी पाठ करून डोसा मागवत नाही.

तसंच पाच माणसांचं. “पाच जणांवर टेस्ट करा, ८५ टक्के अडचणी सापडतात,” हे वाक्य आमच्या क्षेत्रात आरतीसारखं म्हटलं जातं. याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर या आमच्याच क्षेत्रातल्या संशोधकांच्या १९९३ च्या गणितातून ते आलं. त्या गणिताचं एक गृहीतक आहे: एखादी अडचण एका माणसाला भेटण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के. ती शक्यता १० टक्क्यांवर आणा आणि कागदावर मांडून बघा. पाच माणसांत ती अडचण दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. शिवाय नील्सन स्वतःच सांगत आला आहे, की पाच-पाच जणांच्या अनेक फेऱ्या करा आणि वापरणारे वेगवेगळ्या जातकुळीचे असतील तर प्रत्येक गटातून वेगळी माणसं घ्या. हा शेपटाचा भाग गळून पडला. औंधातले पाच आयटीवाले तपासून वेल्ह्याच्या आजीचं ॲप मंजूर होतं ते असं.

कॉलेजांनाही मी सोडणार नाही. ज्युरीत दहापैकी सात मुलं संशोधन म्हणून गूगल फॉर्म दाखवतात आणि तो भरणारे त्यांच्याच होस्टेलवरचे मित्र असतात. शेतकऱ्यांसाठीच्या ॲपचा फॉर्मसुद्धा! गाइड विचारत नाहीत, कारण गाइडनंही त्या रस्त्यावरची धूळ कधी खाल्लेली नसते.

इथे एक गंमत सांगते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये दहा प्रश्नांची एक पट्टी तयार केली, सिस्टिम युजेबिलिटी स्केल. वस्तू वापरायला किती सोपी वाटली हे मोजायला जगभर तीच वापरतात, आम्हीही वापरतो. तिच्या आठव्या प्रश्नात ‘कम्बरसम’, म्हणजे वापरायला त्रासाचं, असा शब्द आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक तिथे अडखळतात, हे २००६ मध्ये छापून आलं आहे आणि सोपा शब्दही सुचवलेला आहे. आमच्या ऑफिसात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी पट्टीचं मराठी केलं आणि तिथे ऐटीत ‘बोजड’ लिहिलं. नारायणगावच्या एका मावशींनी हातातला फोन वरखाली करून पाहिला आणि म्हणाल्या, “बोजड कुठं? हलका हाय की.” पुढच्या घरी मी ‘किचकट’ म्हटलं, तिसऱ्या घरी ‘कटकटीचं’, आणि तिथे एकदम बोलणं सुरू झालं. शिवाय मावशींच्या पिढीला पाहुण्यासमोर वस्तूला नावं ठेवणं जमत नाही. “तुम्ही एवढ्या लांबनं आलाय, चांगलंच असंल.” हा गुण पट्टीत भरला तर जगातलं सर्वात उत्तम ॲप आपलंच ठरेल. असला अनुभव पुण्यातल्या शंभर-दोनशे कामकऱ्यांच्या गाठीला असणार. त्याचा निबंध होत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा ‘बोजड’पासून सुरुवात करतो.

जमतच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, भारतीय लिपी टाइप करण्यावर संशोधन झालं आणि त्यातून ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड २०१३ मध्ये लोकांना फुकट मिळाला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याच्या बाराखडीचं चक्र उघडतं. ज्यांनी अभ्यास केला त्यांनीच वस्तू बनवली आणि लोकांच्या हातात दिली. पण असे लोक मोजके. आमच्या क्षेत्रातले नामवंत अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी २०१० मध्येच लिहिलं होतं, की संशोधक आणि प्रत्यक्ष काम करणारे यांच्यात दुभाष्यांचा तिसरा वर्ग हवा, कारण दोघांची कौशल्यं वेगळी आणि बक्षिसंही वेगळी.

मला यात नवल वाटलं नाही, कारण तो तिसरा वर्ग आमच्या घरात होता. माझे वडील जुन्नर तालुक्यात कृषी सहायक होते. ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजनेचा काळ. दर पंधरवड्याला त्यांचं प्रशिक्षण असायचं, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी वहीत उतरवून घेऊन ते सायकलवर संपर्क शेतकऱ्यांकडे जायचे. वहीचं डावं पान राहुरीकडून आलेलं, उजवं पान शेतकऱ्याचं. कांद्यावर करपा आला, तुमचं औषध पावसात धुऊन जातं, हे उजव्या पानावर. पुढच्या प्रशिक्षणात ते उजवं पान वाचून दाखवत आणि साहेबांची बोलणी खात. बोलणी खाणं हा नोकरीचाच भाग आहे, असं म्हणायचे. राज्यातली चारही कृषी विद्यापीठं आजही दरवर्षी एकत्र बसून शिफारशी ठरवतात आणि राहुरीची ‘कृषिदर्शनी’ शेतकऱ्याला विकत मिळते. साध्या मराठीत, काय करा आणि केव्हा करा.

आमच्या क्षेत्राला एवढंच हवं आहे. प्रबंध सादर करताना मुलानं दोन पानं मराठीत द्यावीत: काय विचारलं, कोणाला विचारलं, काय सापडलं, आणि आपलं कुठे चुकलं असू शकेल. ती पानं कपाटात नव्हे, कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावीत. कंपन्यांनी काम संपल्यावर वर्षभरानं क्लायंटचं नाव-गाव काढून आपली दोन पानं तिथेच टाकावीत. ‘लाभार्थी’ हा शब्द लोकांना कळत नाही, यात कोणत्या बँकेचं कसलं गुपित आहे? आणि दोन्हीकडची पानं वाचून इकडची तिकडे करायला एक माणूस पगारी नेमावा. स्वयंसेवक नको. स्वयंसेवकाचा उत्साह गणपतीपासून दिवाळीपर्यंत टिकतो, मी तीनदा अनुभव घेतला आहे. पैसे कोणी द्यायचे, तर अर्धे कंपन्यांनी. चार महिने वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतील, आणि हा हिशेब आमच्या फायनान्सच्या मंडळींना मी कधीही मांडून दाखवायला तयार आहे.

प्राध्यापक मित्र म्हणतील, दोन पानांत शास्त्र मावत नाही. नाहीच मावत. निबंध लिहाच, पण करप्याचं औषध सांगताना वडिलांनी कोणाला बुरशीचं लॅटिन नाव विचारलं नव्हतं. आणि वाचायला मिळत नाही ही आमची तक्रारही आता निम्मी उरली आहे. संगणकशास्त्राची मोठी संस्था एसीएम, तिनं १९५१ ते २००० पर्यंतचे आपले निबंध २०२२ मध्ये सर्वांना खुले केले. आमच्या मजल्यावर किती जणांनी ते उघडले, हे मी मुद्दाम विचारलं. उत्तर लिहीत नाही, नोकरी अजून करायची आहे. त्याच कारणासाठी माझं नावही छापू नये, ही विनंती.

आणि हो, बँकेच्या ॲपचं यंदा पुन्हा काम निघालं, तेव्हा मी बटणावरचा आमचा शब्द काढून ‘पैसे कोणाला?’ करून घेतलं. त्या मुलीला हे कळवायचं आहे. कॉलेजकडे तिचा पत्ता दोनदा मागितला. माजी विद्यार्थ्यांची यादी अद्ययावत करायचं काम चालू आहे, असं उत्तर आलं. ती आपला अंक वाचत असेल, तर चौथ्या प्रकरणातलं ते पान मी वाचलं आहे, एवढं तिला कळावं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे