क्लाउड सांभाळणारी माणसं कारखान्यात घडू द्या : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : लघुउद्योगांत क्लाउड सांभाळणाऱ्या माणसांची टंचाई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान-मध्यम कारखान्यांची संगणक व्यवस्था पाहणं हा माझा व्यवसाय. फौंड्री, मशीन शॉप, दोन-चार पतसंस्था असे माझे ग्राहक. क्लाउड म्हणजे स्वतःचा सर्व्हर न घेता इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली संगणक यंत्रणा. जानेवारी 2025 मध्ये दावोसला ॲमेझॉनच्या क्लाउड कंपनीशी राज्याचा करार झाला. मुंबईतल्या क्लाउड यंत्रणेसाठी या दशकाअखेरपर्यंत 8.3 अब्ज डॉलर येणार, ही बातमी आम्हीही आनंदाने वाचली. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे-मुंबईत आणि 2016 मध्ये ॲमेझॉनने मुंबईत डेटा सेंटरची दारं उघडली. देशातल्या डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेतला निम्म्याच्या आसपास हिस्सा आज मुंबई परिसरात आहे. एवढं सगळं आपल्या राज्यात आहे, पण शिरोलीतल्या साठ कामगारांच्या फौंड्रीत महिन्याचं क्लाउडचं बिल वाचून समजावून सांगेल असा माणूस मिळत नाही. डेटा सेंटर उभं राहतं तेव्हा वीज, वातानुकूलन आणि सुरक्षा पाहणाऱ्या मोजक्या लोकांना तिथे काम मिळतं. खरी माणसं लागतात ती क्लाउड वापरणाऱ्याच्या दारात, आणि टंचाई तिथेच आहे.

हे कारखाने क्लाउडवर हौसेने गेलेले नाहीत. ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्याला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं झालं. त्याच वर्षी एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक झालं. चाकणच्या गाडी कंपन्यांना कास्टिंग पुरवायचं, तर ऑर्डर, ड्रॉइंग आणि तपासणीचे अहवाल त्यांच्या पोर्टलवरूनच येतात-जातात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हिशेबाची टॅली क्लाउडवर गेली, कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणारी ईआरपी गेली, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही गेलं. ते सांभाळणार कोण, हे ठरवायचं तेवढं राहून गेलं.

याचे परिणाम मी रोज पाहतो. एका कारखान्याचं मुख्य क्लाउड खातं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोराच्या वैयक्तिक ई-मेलवर उघडलेलं होतं. पोरगा नोकरी सोडून गेला आणि मालकाला स्वतःच्याच हिशेबाचा ताबा मिळवायला महिने लागले. दुसरीकडे चाचणीसाठी सुरू केलेला सर्व्हर कुणी बंद केला नाही. तो रिकामाच चालत राहिला आणि डॉलरमधलं बिल कार्डावरून कापलं जात राहिलं. बॅकअप रोज होतो असं सगळे छातीठोक सांगतात. तो परत उघडून दाखवा म्हटलं की शांतता पसरते. राजीनामा दिलेल्या माणसाचं लॉगिन चालू असणं ही तर इतकी सर्रास गोष्ट आहे, की तिची तक्रार करायलाही संकोच वाटतो.

आता याच्या शेजारी कायदा ठेवून पाहा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय घडलं याच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. लघुउद्योगांना तयारीसाठी त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती. मुदत वाढली खरी, पण जो कारखाना लॉग कुठे साठतो हे विचारायलाच कुणाला ठेवू शकत नाही, त्याला त्या महिन्यांचा उपयोग काय?

जुलै 2024 च्या अखेरीस, लहान बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यापासून तोडलं आणि देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार खोळंबले. या बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. यंत्रणा दुसऱ्याची असल्यामुळे बँकांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. सेवा भाड्याने घ्यायला माझी हरकत नाही, आमचं पोट त्यावरच चालतं. पण भाड्याने देणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारू शकेल असा एक तरी माणूस आपल्या बाजूला हवा.

आपल्या खात्याकडे यावर प्रशिक्षणाचं उत्तर आहे आणि त्यात उणीव आहे असं वरवर दिसतही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. पुढच्या वर्षी महाविद्यालयांत आचार्य चाणक्य केंद्रं आली. चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि पनवेलला रतन टाटांच्या नावाचं कौशल्य विद्यापीठ आहे. एमएस-सीआयटीने तर खेड्यापाड्यांत संगणक पोचवला, त्याला तोड नाही. तरीही माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी क्लाउड व्हिडिओतच पाहिलेला असतो.

कारण अगदी साधं आहे. बहुतेक क्लाउड खाती उघडायला क्रेडिट किंवा डेबिट कार्ड लागतं. गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या डिप्लोमाच्या मुलाकडे क्रेडिट कार्ड नसतं आणि वडिलांचं डेबिट कार्ड जोडायला घरचे तयार नसतात. ते बरोबरच आहे, एक सर्व्हर चुकून चालू राहिला तर महिन्याचा किराणा जायचा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या विद्यार्थ्यांना क्लाउड वापरायला कार्डाशिवाय शंभर डॉलरचं मोफत क्रेडिट देतात, पण आमच्या भागात ते मोजक्याच प्राध्यापकांना माहीत आहे. सरावाची तयार ऑनलाइन लॅब मिळाली तरी तिथे पायऱ्या छापलेल्या असतात, ‘इथे क्लिक करा, मग तिथे’. शेवटी हिरवी खूण येते आणि लॅब पुसली जाते. पुढे ॲमेझॉनच्या प्राथमिक क्लाउड परीक्षेची फी शंभर डॉलर. ते भरणारा मुलगा मग प्रश्नसंचच पाठ करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. प्रमाणपत्र घेऊन तो येतो. ‘मागच्या महिन्यापेक्षा हे बिल दुप्पट कसं झालं?’ असं विचारलं की गप्प होतो.

आमच्या उद्यमनगरात लेथ शिकवण्याची रीत वेगळी होती. पोरगं आधी मिस्त्रीच्या हाताखाली झाडू मारायचं, मग हत्यारं द्यायचं, मग भंगाराचा तुकडा फिरवायचं. खरा जॉब हाती यायचा तेव्हा तो बिघडला तर नुकसान किती, हे त्याला आधीच ठाऊक असायचं. क्लाउडलाही हीच रीत लागते, मात्र इथे मिस्त्रीच नाहीत. एकट्या फौंड्रीला अनुभवी क्लाउड अभियंता परवडत नाही. तो पुण्याला किंवा बंगळूरला जाणार, आणि तिथला पगार शिरोलीत कुणी देऊ शकत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. औद्योगिक समूह (क्लस्टर) योजनेतून एका भागातल्या कारखान्यांना सामाईक सुविधा केंद्रासाठी इमारतीला आणि यंत्रांना अनुदान मिळतं. त्याच धर्तीवर समूहाच्या सामाईक क्लाउड अभियंत्यांच्या पगाराला पहिली तीन वर्षं अनुदान द्या. पंचवीस-तीस कारखान्यांमागे दोन अनुभवी माणसं असावीत. कारखान्यांनी दरमहा वर्गणी भरावी आणि ती वर्षागणिक वाढवत न्यावी. या दोघांच्या हाताखाली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं द्या. त्या योजनेत आयटीआय आणि पदविकाधारकांना महिना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार विद्यावेतन ठरलेलंच आहे, त्यामुळे नवा पैसा फार लागणार नाही. आज माझ्या पाहण्यातल्या कारखान्यांत याच योजनेची मुलं झेरॉक्स काढतात आणि एक्सेल भरतात. ती मुलं दर आठवड्याला एका कारखान्याचा बॅकअप खरोखर उघडून पाहतील, बिल तपासतील, सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद करतील. प्रशिक्षणाच्या काळात त्यांच्या हाताला जे वळण लागेल ते कुठल्याही वर्गात लागायचं नाही.

‘शिकून सगळी पुण्याला जातील’ असं माझ्या व्यवसायातले मित्र म्हणतात. जाऊ देत. दरवर्षी नवी तुकडी येत राहिली तर कारखान्यांची कामं अडणार नाहीत, आणि पुण्यात तरी आपलीच मुलं असतील. माझी खरी काळजी निदेशकांची आहे. आयटीआयच्या कोपा या संगणकाच्या ट्रेडमध्ये आता क्लाउडची तोंडओळख आहे, पण शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी चालू सर्व्हर कधी हाताळलेला नाही. त्यांना उन्हाळ्यात चार आठवडे अशा केंद्रात पाठवा, आणि ते प्रशिक्षण सेवेत धरा. नाहीतर कुणी येणार नाही.

मोठ्या क्लाउड कंपन्यांशी करार करताना त्यात ‘कौशल्य विकास’ हा शब्द असतोच. तो तसा मोघम सोडू नका. किती तंत्रनिकेतनांना कार्डाशिवाय किती क्रेडिट मिळणार, कंपनीचे अभियंते वर्षातले किती दिवस कोल्हापूर, जालना, सोलापूर अशा गावांत येणार, हे लिहून घ्या. जमीन आणि वीज शुल्काच्या सवलती राज्य देतं, तर एवढं मागणं काही जास्त नाही.

आणि मोजमाप बदला. आज नोंदणी किती, हजेरी किती, प्रमाणपत्रं किती हे मोजलं जातं. या केंद्रांपुरतं तरी असं मोजा, की पुसला गेलेला हिशेब मालकासमोर किती कारखान्यांत परत उभा करून दाखवला, आणि किती मालकांच्या क्लाउड खात्याचा ताबा त्यांच्या स्वतःच्या हातात आला.

पुढच्या कोल्हापूर दौऱ्यात स्मॅक आणि गोशिमा या शिरोली व गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसोबत तासभर बसावं, आणि त्या बैठकीला आयटीआयच्या निदेशकांनाही बोलवावं, ही विनंती. समूह योजना उद्योग खात्याकडे आहे आणि प्रशिक्षणार्थी आपल्याकडे, त्यामुळे दोन्ही खात्यांच्या सचिवांनी एकत्र बसल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही. अर्थसंकल्पाच्या आधी ती बैठक झाली तर शिरोलीत पहिलं केंद्र याच वर्षी उभं करता येईल. वर्गणी भरायला तयार असलेल्या कारखान्यांची यादी आम्ही देऊ.

आपला,
कोल्हापुरातील एक संगणक सेवा व्यावसायिक

प्रत : मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य