पालकसभेआधी एक आठवण

पालकहो, शनिवारच्या पालकसभेला फक्त गुणांची चौकशी घेऊन येऊ नका. मूल घरी कशावर अडतं, कशात रमतं, झोप पुरते का, हे वर्गशिक्षकांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शिक्षण-संशोधक जॉइस एपस्टाइन यांनी पालक-सहभागाचे 6 प्रकार मांडले आहेत. घरचा अभ्यास आणि शाळेच्या निर्णयांतला वाटाही त्यांत येतो. नुसती सभेची हजेरी पुरत नाही.

गृहपाठ मात्र मुलाऐवजी तुम्ही करू नका (प्रकल्पाची वही पाहून लगेच कळतं!). चूक वहीत राहिली, तरच ती शिक्षकांना दिसते.

आई-बाबांना जमत नसेल, तर आजी-आजोबा आले तरी चालेल. एखाद्या मुलाबद्दलची तक्रार पालकांच्या मोबाइल-गटावर नको, थेट शिक्षकांशी बोला.